कोरगावकरांची डावी बाजू

यशवंतराव कोरगावकरांची डावी बाजू चैत्रात एकेचाळीस वर्षांची झाली. उजवी बहात्तरची होती, ती बहात्तरचीच राहिली.

गडहिंग्लजमध्ये याचा फार गवगवा झाला नाही. यशवंतराव वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी काही केलं म्हणजे ते मोजूनमापूनच केलं असणार, अशी गावाची खात्री होती, आणि ती खोटी नव्हती.

झालं होतं ते असं. दसऱ्याला पुण्याची लेक आली, ती पांढरी बाटली घेऊन आली. तिच्यावर 'पेशींना ऊर्जा' असं लिहिलं होतं. चारच दिवसांनी नाशिकची सून आली, तिने तपकिरी बाटली आणली. तिच्यावर 'निरोगी वार्धक्य'. जाताना दोघींनीही आपापल्या वेळी बजावलं, "बाबा, रोज एक. आणि याच्याबरोबर दुसरं काही घेऊ नका." लेकीची गोळी घ्यावी तर सून दुखावणार, सुनेची घ्यावी तर लेक. दोन्ही घ्याव्यात तर कुठल्या गोळीनं काय केलं हे कळणार कसं? एकाच पारड्यात दोन माल टाकून वजन सांगणाऱ्या दुकानदाराला यशवंतरावांनी नोकरीत कधी क्षमा केली नव्हती.

तेव्हा त्यांनी अंगाची वाटणी केली. बेंबीतून उभी रेघ. डावी बाजू लेकीकडे, उजवी सुनेकडे. दुपारचं जेवण झालं की पांढरी गोळी डाव्या दाढेखाली चावायची आणि वामकुक्षी घ्यायची. डाव्या कुशीवर पडायची सवय त्यांना जन्माचीच होती. सकाळी नाश्ता झाला की तपकिरी गोळी उजव्या दाढेखाली, आणि वर्तमानपत्र घेऊन तेवढाच वेळ उजव्या कुशीवर. ज्या कुशीवर पडावं त्या अंगात गोळी मुरते, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पुढे कोणालाच राहिली नाही.

"आणि बेंबी कुणाकडे?" कुमुदताईंनी विचारलं. कुमुदताई म्हणजे त्यांची बायको, वय एकोणसत्तर.

"बेंबी सामाईक," यशवंतराव म्हणाले.

संक्रांतीपर्यंत काही झालं नाही. महाशिवरात्रीला डावी मिशी काळी झाली. मग डावा गुडघा वाजायचा थांबला, डाव्या कानाला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला लागल्या आणि डावा हात लोणच्याच्या बरणीचं झाकण एका हिसक्यात उघडू लागला. उजवी बाजू तरुण झाली नाही, पण सुनेच्या गोळीनंही फसवलं नव्हतं. उजव्या बाजूचं म्हातारपण फार छान चाललं होतं. तिची कसली तक्रार नव्हती. उजवा हात चहाचा कप धरून निवांत बसायचा आणि त्याच वेळी डावा मांडीवर ताल धरायचा.

डॉक्टर हत्तरकींनी दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासून वयाचे दोन दाखले दिले. दाखले लिहिताना ते एका ठिकाणी अडले.

"हृदय कुठल्या बाजूला धरू? असतं तसं मध्येच, पण जरा डावीकडे कलतं."

"कलतं तिकडं धरा," यशवंतराव म्हणाले. काट्यापुढे त्यांचं काही चालत नसे. पण दाखला खिशात घालताना त्यांना ते बरं वाटलं नाही.

खरी अडचण चालण्याची झाली. डावा पाय ढांगा टाकायचा, उजवा आपल्या चालीनं यायचा. त्यामुळे यशवंतराव उजवीकडे वळत राहायचे. संध्याकाळी फिरायला निघाले की बाजारात एक भलामोठा गोल काढून पुन्हा आपल्याच दारात हजर. भाजीवाल्या बायकांना आठवड्यात सवय झाली. ते दिसले की त्या बुट्ट्या आत ओढून घ्यायच्या आणि ते गेले की परत मांडायच्या.

सायंप्रभा ज्येष्ठ नागरिक संघापुढेही प्रश्न आला. सभासदाला साठ पूर्ण हवीत असा नियम. अध्यक्ष पट्टणशेट्टी गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, नियमाला पक्के. त्यांनी रीतसर ठराव मांडला: कोरगावकरांचं सभासदत्व उजव्या बाजूपुरतं चालू ठेवावं, डाव्या बाजूला उपस्थित राहता येईल, मात्र बोलता किंवा मत देता येणार नाही. ठराव मंजूर झाला. यशवंतरावांना तो योग्यच वाटला. त्या दिवसापासून ते सभेत अर्ध्या खुर्चीवर बसू लागले.

मग विषय आला गोळ्यांचा. संघाच्या त्रेपन्न सभासदांना गोळी सुरू करायची होती, पण कुठली?

"ऊर्जा की निरोगी वार्धक्य, एकदा काय ते सांगून टाका, कोरगावकर साहेब," गुरुजी म्हणाले. "लेखी अहवाल द्या. पण माझी एक शंका हाय. तुमची डावी बाजू मुळातच हुशार असली तर? मग त्यात बाटलीचं कौतुक काय?"

ही शंका यशवंतरावांना स्वतःलाच यायला हवी होती. तराजू खरा की खोटा हे बघायचं तर पारड्यांतली वजनं अदलाबदल करून पुन्हा तोलायची, हा त्यांच्या खात्याचा पहिला धडा. चौतीस वर्षांत अदलाबदल केल्याशिवाय त्यांनी एकाही तराजूवर शिक्का मारला नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "सोमवारपासून पांढरी उजवीला, तपकिरी डावीला. त्यानंतर अहवाल."

घरी आल्यावर त्यांनी कुमुदताईंना हे सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"म्हणजे दसऱ्यापर्यंत उजवीही एकेचाळीसची होणार," त्या म्हणाल्या.

"तसं धरायला हरकत नाही."

"आणि डावी?"

"ती निरोगी रीतीनं बेचाळीसकडे जाईल."

कुमुदताईंनी एक जुडी संपवून दुसरी सोडली. "म्हणजे तुम्ही सगळेच्या सगळे एकेचाळीसचे, आणि मी सत्तर."

"तूही घे की. अर्धी बाटली आहे अजून."

"मी एकेचाळीस एकदा केलंय. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पोरांच्या परीक्षा, आणि तुम्ही बदलीवर चंदगडला. परत त्यात जायला मला सवड नाही."

चंदगडला यशवंतराव सहा वर्षं होते आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे.

"मला भीती वाटते हो," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी मेथी खाली ठेवली होती. "माणूस गेलं तर गेलं म्हणून कळतं तरी. तुम्ही इथं घरात बसूनच जाणार. तुमची उजवी बाजू माझ्या सवयीची आहे. तेवढी राहू द्या."

यशवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्याला कुमुदताई गेली काही वर्षं दिसत होत्या तशाच, जराशा धुरकट दिसल्या. डाव्याला लख्ख दिसत होतं. भांगात उरलेले चार केस, सुजलेली बोटांची पेरं, मानेवरची सैल कातडी, सगळं. डावा डोळा एकेचाळीसचा. चंदगडच्या गाडीला निरोप द्यायला दारात उभी असलेली बाई त्याच्या ध्यानात होती, आणि मधली एकतीस वर्षं त्याने पाहिलीच नव्हती. त्या डोळ्याला पाणी आलं आणि काळ्या मिशीवर येऊन थांबलं. उजवा डोळा कोरडा होता.

"पाणी येतंय," कुमुदताई म्हणाल्या.

"एकाच बाजूला येतंय," यशवंतराव म्हणाले, आणि त्यांनी ते उजव्या हातानं पुसलं.

त्या रात्री त्यांनी अहवाल लिहिला आणि सोमवारी सभेत उभं राहून वाचला. अहवाल तीन ओळींचा होता. 'पारडी अदलाबदल करण्यात आलेली नाही. सबब दोहोंपैकी कोणत्याही बाटलीवर शिक्का मारता येत नाही. निकाल कायमचा राखून ठेवला आहे.'

सभेत कुजबुज झाली. त्रेपन्न माणसं तरुण व्हायची तयारी करून आली होती.

"साहेब, असा तराजू नोकरीत कधी सोडला होता तुम्ही?" गुरुजींनी विचारलं.

"कधीच नाही."

"मग आत्ताच का?"

"उजवं पारडं माझ्या एकट्याच्या मालकीचं नाही, गुरुजी. ते मला हलवता येत नाही."

गुरुजींनी थोडा विचार केला आणि कारण इतिवृत्तात नोंदवून घेतलं. डाव्या बाजूचं म्हणणं वेगळं असावं, कारण डावा पाय सारखा हलत होता. पण तिला बोलायचा अधिकार नव्हता. सभासदांनी आपापल्या सुनांनी आणलेल्या बाटल्या घ्याव्यात असं ठरलं आणि चहा झाला.

यशवंतरावांनी दोन्ही बाटल्या कपाटात ठेवायचं ठरवलं होतं. लेकीला फोनवर सांगितलं, "तुझी चांगली निघाली." सुनेलाही तेच सांगितलं. दोन्ही वेळा ते खरं होतं.

सभा सुटली तेव्हा कुमुदताई बाजार करून संघाच्या फाटकाशी उभ्या होत्या. लग्नापासून त्या यशवंतरावांच्या उजव्या हाताला चालत आलेल्या. आज त्यांनी आधी नवऱ्याचे दोन्ही पाय पाहिले. मग पुढून वळसा घालून त्या डाव्या बाजूला आल्या, बटाट्यांची पिशवी त्या हातात अडकवली, आणि कोपर धरून आपला सगळा भार त्यावर टाकला.

यशवंतराव निघाले. औषधाचं दुकान गेलं, मारुतीचं देऊळ गेलं. भाजीवाल्यांनी सवयीनं बुट्ट्या ओढायला हात घातले आणि मग तसेच सोडले, कारण कोरगावकर सरळ चालले होते.

"बटाटे किती आहेत?" यशवंतरावांनी विचारलं. त्यांना अंदाज होता, पण खातरजमा करायची सवय.

"दोन किलो."

"दोनला अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कमी आहेत. अजून जरा उजवीकडे जातंय बघ."

कुमुदताई आणखी थोड्या रेलल्या.

"डावी बेचाळीसची झाली की पाव किलो कमी करू," यशवंतराव म्हणाले. "मग दर वर्षी पाव किलो."

"आणि बटाटे संपले की?"

यशवंतरावांनी चालता चालता हिशेब केला. बटाटे आठ वर्षांत संपत होते. डावी तेव्हा एकोणपन्नासची असेल आणि ओढ बरीच शिल्लक असेल.

"मग नुसती तू," ते म्हणाले.