ओरेस्तेची सायकल आणि चर्चची किल्ली

ओरेस्तेची सायकल चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, ही अक्कल फियोरेन्झो न्हाव्याची. तोच ओरेस्तेच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष, मग त्याला अडवणार कोण?

ओरेस्ते चौदा वर्षं मोठमोठ्या शर्यतींत सायकल चालवत होता आणि एकही जिंकला नव्हता. संघनायकाला पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या आणि घोळक्याच्या शेपटाला लोंबकळत शेवट गाठायचा, हेच त्याचं काम. पण इटलीतल्या बेर्गामोच्या डोंगरातल्या त्याच्या गावात बारच्या भिंतीवर त्याचा फोटो पोपच्या शेजारी होता, तोही चांगला वीतभर वर.

आज शर्यत गावातूनच जात होती. रिवाजाप्रमाणे बाकीच्यांनी त्याला पाच मिनिटं पुढे सोडलं. आईला भेटायचं आणि घोळका आला की निमूट त्यात मिसळायचं. ओरेस्ते उतरला, जेलमिनोला मिठी मारली. हा चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा. मग आईला, अर्मिदाबाईंना, मिठी मारली. त्यांनी पोराला ओट्यावर बसवून मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि सशाच्या रश्श्याचं ताट पुढ्यात ठेवलं.

"दोन मिनिटांत आणतो!" म्हणत फियोरेन्झोने सायकल आत नेली. मागोमाग अख्खं गाव घुसलं. मेणबत्त्या कलंडायला लागल्या तसं पाद्रीबाबांनी सगळ्यांना बाहेर हाकललं आणि जेलमिनोने दाराला कुलूप घातलं. सायकल आतच.

इतक्यात घोळका आलाच.

"किल्ली?"

"जेलमिनोकडे."

"आणि तो कुठंय?"

"शर्यत बघायला गेला."

"अरे, शर्यत इथेच तर आहे!"

घोळका सुर्रकन निघून गेला. संघाची गाडी करकचून थांबली. टपावरची जादा सायकल ठेंगण्या नायकाच्या मापाची, तिच्यावर ओरेस्तेचे गुडघे कानाला लागले असते.

"नायकापाठोपाठ मला जावं लागतंय," मॅनेजर ओरडला, "पण वेळेच्या मर्यादेत पोचला नाहीस, तर उद्यापासून घरी बस! करारबिरार विसर!"

फियोरेन्झो भर रस्त्यात ढसाढसा रडायला लागला. "पोराचं वाटोळं केलं हो मी! साहेब, हवं तर मला गोळी घाला!" मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि गाडी हाणली.

"काका, पुरे आता," ओरेस्ते भरल्या तोंडाने म्हणाला. "आई, अजून थोडा रस्सा वाढ."

वीस मिनिटांनी जेलमिनो उगवला. कुलूप उघडलं आणि ओरेस्ते सुसाट सुटला.

दुपारभर फियोरेन्झो बारमधल्या टीव्हीसमोर नखं खात बसला. मर्यादा पहिला आल्यानंतर अडतीस मिनिटांची होती. ओरेस्ते सदतीस मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी पोचला, सगळ्यांत शेवटी. बारमध्ये एकच जल्लोष झाला. फियोरेन्झोने मात्र जेलमिनोची गचांडी धरली.

"कुठे मेला होतास रे?"

"घंटेच्या खोलीत. सायकल तू आत नेलीस ना, तेव्हा ओरेस्तेनेच खुणेने जवळ बोलावलं. ताट संपेपर्यंत किल्ली दडवून ठेव म्हणाला. चौदा वर्षं शेवटून येतोय तो. किती उशीर चालतो, हे त्याला नाही कळणार?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"त्यानेच नको म्हटलं. म्हणाला, मॅनेजर येईल तेव्हा खरंखुरं रडणारं कुणीतरी लागेल."