तुरळक येथे मुसळधार

हवामान कोणाच्या बापाचं नसतं, आणि म्हणूनच ते सांभाळायला सरकारी खातं लागतं. ज्या वस्तूला मालक आहे ती बिघडली की मालकाची कॉलर धरता येते. जिला मालक नाही तिच्यासाठी कॉलरवाली माणसं नेमावी लागतात. आमच्या खात्यात अशी चारेकशे माणसं आहेत (एक जण गोल गळ्याचा टी-शर्ट घालून येतो, त्याची चौकशी चालू आहे).

मी या खात्याच्या शब्द विभागाचा प्रमुख. वरच्या मजल्यावर यंत्रं आहेत. ती वारा, दाब, ओलावा वगैरे मोजतात आणि उद्या काय होणार ते सांगतात. आता, उद्या काय होणार ते तसंच्या तसं लोकांना सांगितलं तर परवा लोक येऊन विचारू शकतात. म्हणून तो अंदाज आधी खाली आमच्याकडे येतो. आम्ही त्याला 'अंशतः' लावतो, 'सामान्यतः' लावतो, फारच उघडावाघडा असेल तर 'शक्यता नाकारता येत नाही' असं अंगभर पांघरूण घालतो आणि मगच त्याला चारचौघांत पाठवतो. पण आमच्या विभागाचा खरा दागिना म्हणजे 'तुरळक ठिकाणी'. देश मोठा आहे. कुठे ना कुठे चार थेंब पडतातच, आणि नाहीच पडले तर कुठलातरी माळी झाडांना पाणी घालत असतोच. 'तुरळक ठिकाणी पाऊस' हे वाक्य आजवर एकदाही खोटं ठरलेलं नाही. असं वाक्य न्यायखात्याकडेसुद्धा नाही.

या दागिन्याची खरी किंमत यंदाच्या मार्चमध्ये कळली. काय तो मार्च! लोक सकाळी उन्हात पातळ कपडे घालून बाहेर पडत, ऑफिसात पोचेपर्यंत धुकं, जेवणाच्या सुट्टीत गारा, चहाच्या वेळी अंगाची लाही, आणि घरी जाताना वारा असा की आमच्या गच्चीवरचं वारा मोजायचं यंत्र शेजारच्या बँकेच्या गच्चीवर सापडलं (बँकेने परत देताना ओळखपत्राच्या दोन प्रती मागितल्या). त्या महिन्यात आमचे अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण एकतीस टक्के होतं. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं, हे खरं. पण नाण्याला पेन्शन नसते, त्यामुळे ते बेजबाबदारपणे काहीही सांगू शकतं. 'तुरळक ठिकाणी' धरून मोजलं तर आमचं प्रमाण शंभर टक्के भरलं.

अशा या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीने लेकीचं लग्न काढलं. तेही हॉलमध्ये नाही, उघड्यावर. गावाबाहेर जुन्या वीटभट्टीमागे मोठं पटांगण आहे, तिथे. व्याही म्हणत होते हॉल घ्या, मार्चचा काही भरवसा नाही. तर ताई भर बैठकीत म्हणाली, "माझा सख्खा भाऊ हवामान खात्यात आहे. भरवसा आमच्या घरात आहे."

हे मला कळलं ते ताई माझ्या ऑफिसात येऊन टेबलावर डबा आपटती झाली तेव्हा.

"लग्न शेवटच्या रविवारी. पाऊस पडेल की नाही?"

"सामान्यतः कोरडं राहील," मी म्हणालो. "मात्र तुरळक ठिकाणी..."

"माझ्या पोरीचं लग्न तुरळक ठिकाणी नाहीये. पटांगणात आहे. हो की नाही?"

"ताई, अगं, आमच्यात तसं सांगत नाहीत."

"तिथे पाऊस पडला ना, तर व्याह्यांपुढे माझं नाक कापलं जाईल. विहीणबाई जन्मभर ऐकवतील. आणि मग मी तुला जन्मभर ऐकवीन. डबा खा आणि विचार कर."

डबा चांगला होता. विचार मात्र काही सुचेना.

त्याच आठवड्यात नवे मंत्री खात्याच्या भेटीला आले. मंत्री मनाने फार चांगले. आधीच्या खात्यात ते पुलांचं उद्घाटन करताना रडत. आमच्या मोठ्या खोलीत सगळे अधिकारी उभे, संचालकसाहेब पुढे. मंत्र्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "मला एक सांगा, हे तुरळक कुठे आलं?"

सगळे अधिकारी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागले.

"नाही, मी रोज बातम्या ऐकतो. देशभर कोरडं असलं तरी तुरळक ठिकाणी पाऊस. परवा तुरळक ठिकाणी गारा. काल तुरळक ठिकाणी विजा! अहो, माणसं राहतात तिथे! आधीच्या सरकारने काय केलं तुरळकसाठी?" त्यांचे डोळे भरून आले होते.

आता इथे एक प्रशासकीय पेच होता. मंत्र्यांना सांगावं की तुरळक नावाचं गाव नाही, तर चूक मंत्र्यांची ठरते. न सांगावं तर चूक देशाची ठरते. देश मोठा आहे, त्याला सवय आहे, आणि तो कोणाची बदली करू शकत नाही. संचालकसाहेबांनी घसा खाकरला.

"सर, दुर्गम आहे," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांना मी आजही सलाम करतो. असा माणूस शब्द विभागात असता तर मी कधीच निवृत्त झालो असतो.

दुसऱ्या दिवशी 'तुरळक बचाव' मोहीम जाहीर झाली. ब्लँकेटं, छत्र्या आणि सहा होड्या घेऊन ट्रक निघाले. दोन दिवस हिंडून परत आले आणि ड्रायव्हरांनी सांगितलं की गाव सापडत नाही. मंत्र्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे पूर्ण पाण्याखाली गेलंय!" म्हणाले, आणि आणखी सहा होड्या मंजूर केल्या. इथून पुढे काम आपोआप वाढत गेलं. शाळांनी जुने कपडे गोळा केले. तुरळकवासी मित्रमंडळ स्थापन झालं आणि लगेच फुटून दोन झाली. एका न्हाव्याने मुलाखतीत सांगितलं की त्याचं आजोळ तुरळकचं, तिथली माणसं फार प्रेमळ, फक्त सर्दी असते. तुम्हीही त्या वेळी एक स्वेटर दिला होतात. निळा, कोपरावर विरलेला. तो मिळाला, आभारी आहोत.

मग मंत्री म्हणाले, मी स्वतः जाणार. शेवटच्या रविवारी.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "रविवारपर्यंत तुरळक पाहिजे. गाडी जाईल असं. मोकळं. चार-पाचशे माणसं एका जागी जमलेली पाहिजेत, चेहरे काळजीत असलेले. आहे असं काही?"

मी खात्याशी इमान राखणारा माणूस आहे, आणि बहिणीशीही. रविवारी चार-पाचशे माणसं, मोकळी जागा, काळजीतले चेहरे, असं देशात एकच ठिकाण मला माहीत होतं. शिवाय मी हिशेब केला की मंत्री येणार म्हटल्यावर सरकारी जलरोधक तंबू येईल, उपसायचे पंप येतील, डॉक्टर येईल. मग पाऊस पडो की न पडो, ताईचं नाक शाबूत. एका दगडात दोन पक्षी. (दगड कोणाच्या डोक्यात पडेल याचा अंदाज वरचा मजला देतो, मी नाही.)

रविवारी सकाळी आम्ही वीटभट्टीमागे 'तुरळक ग्रामस्थ आपले स्वागत करतात' अशी पाटी ठोकली. पटांगणात बारा होड्या ओळीने मांडल्या. पाणी नव्हतं, त्यामुळे वऱ्हाडातली लहान मुलं एकेका होडीत चढून बसली आणि उतरेनात. ताई पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नात मी पूरग्रस्त म्हणून मिरवू?"

"अंशतः," मी म्हणालो.

तिने मारलंच असतं, पण तेवढ्यात व्याही आले, होड्या पाहून हरखले आणि म्हणाले, "वा! अशी व्यवस्था आमच्या घराण्यात कोणी पाहिली नाही!" ताईचा हात खाली आला.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा आभाळाने केला. महिनाभर धिंगाणा घातलेलं ते आभाळ त्या सकाळी असं लख्ख निळं की शोधून ढग सापडेना. ताई खूश. साहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला. आदल्या संध्याकाळीच आम्ही जाहीर केलं होतं: 'देशात सर्वत्र कोरडे व आल्हाददायक, तुरळक येथे मुसळधार.'

"मंत्री बुडालेलं गाव बघायला येतायत," साहेब माझ्या कानात म्हणाले, "आणि इथे बँड वाजतोय. मी बंब मागवलाय. मंत्री गाडीतून उतरले की झाडामागून फवारा सोडायचा. तू इशारा कर."

मी पाहिलं तर खरंच झाडामागे अग्निशमनचा लाल बंब, आणि बंबवाला नळी खांद्यावर घेऊन तयार. ताईनेही ते पाहिलं. ती तरातरा गेली आणि नळीवरच पाय देऊन उभी राहिली.

"बंबवाल्या, थेंब जरी सांडलास ना, तर याद राख!"

"बाई, मला वरून हुकूम आहे."

"वरून? वरून काही पडणार नाही असं माझा भाऊ सांगतोय!" आणि ती माझ्याकडे वळली. "सांग रे याला!"

मी काही सांगितलं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी. तेवढ्यात नवरी स्वतःच शालू सावरत आली. माझी भाची, लहानपणी माझ्या खांद्यावर बसून ढगांना नावं देणारी.

"मामा," ती म्हणाली, "एकदाच खरं सांग. पाऊस पडणार का?"

साहेब डोळ्यांनी हो म्हण म्हणत होते. मी मान वर करून आभाळाकडे पाहिलं (कामाच्या वेळेत आम्हाला याची परवानगी नाही) आणि म्हणालो, "नाही."

नुसतं 'नाही'. 'अंशतः' नाही, 'सामान्यतः' नाही. बंबवाल्याने नळी गुंडाळली, ताईने मला सगळ्यांदेखत मिठी मारली, आणि साहेब एका होडीत जाऊन बसले.

आणि मग बोलाफुलाला अशी गाठ पडली की खात्याच्या इतिहासात तिला तोड नाही. त्याच वेळी उरलेल्या सगळ्या देशात आभाळ फाटलं. राजधानीत गुडघाभर पाणी, बंदरावर वादळ, डोंगरात गारा. मंत्र्यांच्या गाडीत पाणी शिरलं, पुढचा रस्ता ते पायी आले, आणि निथळत, चिखलाने माखलेले, एक बूट हातात घेऊन तुरळकच्या पाटीखालून आत शिरले. समोर ऊन. बँड. नवरा-नवरी. व्याह्यांनी त्यांना ब्लँकेट दिलं. मंत्र्यांनीच मोहिमेत पाठवलेलं होतं.

मंत्री कितीतरी वेळ त्या कोरड्या जमिनीकडे पाहत राहिले आणि मग ढसाढसा रडले.

"बघा!" ते म्हणाले. "मदत पोचली की काय होतं बघा!"

व्याह्यांनी वार्ताहरांना सांगितलं की आम्ही पूर्वी फार भोगलं, पण आता दिवस पालटले. साहेबांना बढती मिळाली. मला कानपिचक्या मिळाल्या, कारण माझं 'नाही' हे एकाच ठिकाणी खरं ठरलं होतं, आणि अशी सवय लागली तर लोक सगळीकडेच विचारू लागतील. ताईचं नाक इतकं वर गेलं की विहीणबाई आता तिच्याशी बोलताना टाचा उंचावतात.

परवा ताईकडे गेलो होतो. संध्याकाळच्या बातम्या लागल्या. 'हवामान सामान्यतः कोरडे, तुरळक ठिकाणी जोरदार सरी.' ताई उठली आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढू लागली.

"अगं, तुझ्याकडे नाही," मी म्हणालो. "तुरळक ठिकाणी."

"अरे, मी तिथलीच ना आता," ती म्हणाली, आणि शेवटची चादर आत घेता घेता टपटप सुरू झाली.

आमच्या पाहणीनुसार ही बातमी ऐकून कपडे आत घेणारी ती देशातली एकमेव नागरिक आहे. बाकी सगळे 'अरेरे, बिचारे तुरळकवाले' म्हणतात आणि पुढच्या बातम्या ऐकतात. तुम्हीही आज तेच म्हणालात. वरच्या मजल्यावरून आत्ताच अंदाज आलाय, आणि ताईच्या आग्रहाखातर तो शब्द न लावता देतोय: तुमचा दुसरा स्वेटर दोरीवर आहे ना? आत घ्या.