पडद्यासकट मटण

सासऱ्यांसाठी मटण मीच करायचं, हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला होता. (हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे जयमालाला, ते अजून पटत नाही.)

सासरे म्हणजे कृष्णात वस्ताद, कोल्हापूरकडचे. चाळीस वर्षं तालमीत पोरं घडवली. वय चौऱ्याहत्तर, पण बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी माझ्याबद्दल एक चांगला शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. कोपरखैरण्याला आमच्याकडे आले की एक रात्र राहायचे, सकाळी "येतो" म्हणून निघायचे, ते वर्षभर फिरकायचे नाहीत. मनाला लागायचं हो! मी बेलापूरला सरकारी ऑफिसात हेडक्लार्क आहे, कुणी ऐरागैरा नाही. शाबासकी मिळायलाच हवी होती.

यंदा मात्र माझ्याकडे ज्ञान होतं. खांदा आखडला म्हणून मी फिजिओथेरपीला जात होतो. तिथल्या संघमित्रा मॅडम म्हणाल्या, "काका, नुसत्या स्नायूंचं काय घेऊन बसलात? संत्र्याच्या फोडीला कशी पातळ साल असते, तसं स्नायूच्या प्रत्येक जुडीला आवरण असतं. स्नायूची ताकद हाडापर्यंत पोचते ती त्याच्यामुळे. ते आखडलं की स्नायू कितीही दांडगा असो, हात वर जायचा नाही. म्हणून रोज ताण द्यायचा, चालायचं."

अरेच्चा! म्हणजे शाळेच्या पुस्तकातली संयोजी ऊती! मी तिथल्या तिथे ठरवलं, वस्तादांना हीच खिलवायची. (मॅडम चालायचं म्हणाल्या होत्या, खायचं नाही, हे खरंय. पण शास्त्र पुढे न्यायला कुणीतरी लागतंच ना!)

रविवारी जयमाला वडिलांना आणायला बेलापूरच्या बसथांब्यावर गेली आणि मी पोपट खाटकाकडे.

"पोपट, वरचा पांढरा पडदा काढू नकोस. शिरा-बिरा सगळं ठेव."

"साहेब, लय चिवट लागंल. लोक काढून मागतात."

"लोकांना काय कळतंय?"

"मग शिजवा तरी भरपूर."

म्हणजे पडदा विरघळवून गुण घालवू? मी तीन शिट्ट्यांत गॅस बंद केला.

पानं वाढली. जयमालानं पहिला तुकडा या गालातून त्या गालात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अहो, हे काय आहे?"

"आवरण!" मी म्हणालो. "मामा, आता तुम्ही नीट ऐका. खरा पैलवान मांसात नसतो, पडद्यात असतो."

वस्ताद कराकरा चावत होते. मी पडद्यापासून सुरुवात केली, खांद्यावरून पाठीत गेलो, पाठीतून गुडघ्यात उतरलो.

"पाव्हणं, जेवा की आदी," वस्ताद म्हणाले.

हीच ती वेळ! मी भांड्यातला सगळ्यात मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावता चावताच घोट्याकडे वळलो. कट् असा आवाज झाला. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"अहो, काय झालं? बोला ना!" जयमाला ओरडली. (हे वाक्य ती लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली.)

वस्ताद शांतपणे उठले, हात धुऊन आले. "आखाड्यात असलं लई बसवल्यात," म्हणत त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या तोंडात घातले आणि जबडा जागेवर ढकलला. देवाशपथ सांगतो, माझे आईवडील मला आठवले. मग त्यांनी पंच्यानं हनुवटी डोक्याशी गच्च बांधली. जयमालानं मॅडमना फोन लावला.

"जबड्याच्या सांध्याभोवतीचं आवरण ताणलंय," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवून घ्या. पातळ खाऊ द्या आणि आठ दिवस एक शब्द बोलू देऊ नका."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी पेज पीत सोफ्यावर पडून राहिलो. आणि एका रात्रीसाठी आलेले वस्ताद चक्क आठ दिवस राहिले! सकाळचा चहा झाला की माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, एकेक कुस्ती सांगायचे. त्यांच्या म्हशीसुद्धा मला नावानिशी पाठ झाल्या. मी मान हलवत होतो.

नवव्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. डोळे भरून आले होते म्हाताऱ्याचे.

"जयमाले," ते म्हणाले, "पाव्हणा मानूस लई गुनाचा हाय गं. एकोणीस वर्सांत पयल्यांदाच आमच्या पोटभर गप्पा झाल्या."