पहिली आरती वाकोलाकराची

यंदा गणपतीची पहिली आरती आपणच करायची, हे सहदेव मोंडकरांनी आषाढातच ठरवून टाकलं होतं. वाकोल्याच्या चाळीतलं मंडळ त्यांच्या वडिलांनी गिरणीत असताना काढलेलं, आणि पहिली आरती सर्वांत जुन्या वाकोलाकराने करायची ही तिथली रीत. अडचण एवढीच, की चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहत होता आणि तो होईपर्यंत मोंडकर मानखुर्दला भाड्याने राहत होते. टॉवर बरीच वर्षं उभाच राहत होता.

मानखुर्दची मंडळी दरवर्षी आरतीला बोलवायची. "आम्ही वाकोल्याचे, इथे टेम्पररी," असं सांगून मोंडकर दार लावून घेत. गावी मोंडला त्यांना सगळे मुंबईकर म्हणत आणि ताट भावाच्या हातात असे. म्हणजे उरलं वाकोला.

"तिथे आता आपला दरवाजा तरी आहे का?" झब्ब्याला इस्त्री करताना सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"माणूस दरवाज्याने वाकोलाकर होत नाही गं."

"मग कशाने होतो?"

मोंडकरांना निघायला उशीर होत होता.

चाळ पडल्यापासून बंद असलेला गणपती यंदा पुन्हा बसला होता. मांडव टॉवरच्या फाटकाशी होता. जुने चाळकरी लांबलांबून आले होते. मोंडकरांनी ताटाला हात घातला, तोच मुलुंडहून आलेले कुंडलिक पुढे झाले.

"सह्या, ताट खाली ठेव. वाकोल्यात झोपतो तो वाकोलाकर. कोण म्हणालं होतं रे हे?"

मोंडकरच म्हणाले होते. कुंडलिक मुलाकडे मुलुंडला राहायला गेले, त्या वर्षी याच वाक्यावर मोंडकरांनी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं होतं. मंडळाने टाळ्या वाजवून लगेच तो नियम करून टाकला होता.

आपण बिल्डरमुळे बाहेर आहोत, असं मोंडकरांनी मांडून पाहिलं. आपण सुनेमुळे होतो, असं कुंडलिक म्हणाले. मग अध्यक्ष सुयोगने ताट घ्यावं, असं कुणीतरी सुचवलं. सुयोग बोरिवलीला झोपतो, हे मोंडकरांनीच लक्षात आणून दिलं. खजिनदार घाटकोपरचा निघाला. मुहूर्त टळत चालला होता.

"काका, वाट लावलीत ना यार," सुयोग म्हणाला. "तुमच्या नियमात बसणारा इथे एकच माणूस आहे."

तो फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. वॉचमन रामसमुझ चाळ पडली तेव्हापासून इथेच झोपत होता. त्याची खाट मोंडकरांची मोरी होती त्या जागेवर होती.

रामसमुझने हात धुतले, टोपी नीट केली आणि आरती केली. शब्द येत नव्हते, पण ताट झकास फिरवलं. मोंडकर मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याला अजून नियम नव्हता.

मग ताट सगळ्यांपुढून फिरलं. मोंडकरांनी ज्योतीवर हात धरले, तेव्हा रामसमुझने यजमानाच्या आपुलकीने विचारलं, "चाचाजी, आप कहाँ से आये हैं?"

मोंडकरांनी गरम तळवे डोळ्यांना लावले. जरा जास्तच वेळ.

"मानखुर्द से."

"अरे, इतनी दूर से? बैठिए. प्रसाद लेकर जाइए."