शिंपीणबाईंची आरास

एका जंगलात, बाळांनो, जिथं एकही दुकान नव्हतं पण हौस मात्र उदंड होती, तिथं शिंपी पक्ष्यांचं एक जोडपं राहायचं. पानं शिवून घरटं करण्यात शिंपीणबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पक्ष्यांना हात नसतात, हे मलाही ठाऊक आहे. मध्ये बोलू नका.

घरट्यात पिल्लं होती. त्यांना पंख फुटले होते. ती पहिल्यांदा कधी उडतात, याची शिंपीणबाई डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होत्या.

अशात काय झालं, सहलीला आलेली माणसं आत झोपाळा टांगलेला एक छोटासा शोभेचा पिंजरा तिथंच विसरून गेली. सोबत वाढदिवसाचे रंगीत कागद आणि साटीनची रिबीन. दिवस चैत्राचे होते. शिंपीणबाईंच्या मनानं घेतलं, यंदा चैत्रगौरीची आरास पिंजऱ्यातच मांडायची.

"पिंजऱ्यात?" शिंपीदादा चमकले. "अगं, आपण पक्षी ना?"

"म्हणून काय झालं? रिकामाच तर आहे. तुम्हाला मेलं कशाचं कौतुकच नाही."

झालं! चोचीनं कातरकाम सुरू झालं. कागदाचे गुलाब झाले, घड्यांचे पंखे झाले, भोवती लांब झालर सोडून झाली, गजागजाला रिबीन गुंडाळून झाली. तो पिंजरा आहे हे सांगूनही पटेना.

हळदीकुंकवाला सारं जंगल लोटलं. डाळ-पन्हं झालं. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. फक्त वानरीणबाईंनी नाक मुरडलं.

"छान आहे हो. पण झोपाळा रिकामा? गौर बसल्याशिवाय आरास कसली?"

हे शिंपीणबाईंना फार लागलं. त्या तडक आत शिरल्या आणि झोपाळ्यावर बसल्या. वानरीणबाईंनी दार लोटून वर रिबिनीचं फूल बांधलं. फूल मात्र अप्रतिम जमलं. वानरीण मला आवडत नाही, पण खरं ते सांगायला हवं.

इतक्यात शिंपीदादा धापा टाकत आले. "अगं, चल लवकर! पिल्लं फांदीवर आलीत. आता उडतील!"

शिंपीणबाई दाराशी झेपावल्या. रिबिनीचं टोक गजांतून आतच आलं होतं. एकदा ओढलं की गाठ सुटणार होती.

"अगं बाई, आत्ता नका सोडू!" साऱ्याजणी ओरडल्या. "टिटवीबाई यायच्यायत अजून!"

शिंपीणबाईंनी टोक चोचीत धरलं. फुलाकडे पाहिलं. असं फूल पुन्हा काही जमायचं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी टोक सोडून दिलं.

"एवढ्या टिटवीबाई येऊन जाऊ द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पिल्लांना म्हणावं, जरा दम धरा. आणि इथूनही दिसेलच की."

पिल्लं कुठली दम धरतायत! ती उडाली ती थेट पिंजऱ्यावर आली. "आई, बघ! आई, बघ ना!" म्हणत त्यांनी एक घिरटी घातली आणि उंच निघून गेली.

शिंपीणबाईंनी मान वर केली, खाली केली, वाकडी केली. चहूकडून कागदाची झालर. एकही पिल्लू दिसलं नाही.

"दिसली का गं?" बाहेरून शिंपीदादांनी विचारलं.

तेवढ्यात टिटवीबाई आल्या.

"अगं बाई! झालर काय सुरेख कापलीय!"

"खरंच आवडली?" डोळे पुसत शिंपीणबाई म्हणाल्या.

तात्पर्य : पिंजऱ्याची झालर चार बोटं आखूड कापावी. आरासही बिघडत नाही आणि आत बसणाऱ्याचीही सोय होते.