ढोकेबाईंचा शनिवारचा तास

ढोकेबाई सातवीच्या मुलांना रेडकाची गोष्ट वाचून दाखवायला लागल्या की शेजारच्या वर्गातलं माझं व्याकरण थांबायचं. कारण बाई नुसत्या वाचत नसत, हंबरत.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपुरात, महाल भागात आमची शाळा होती. मी मराठी शिकवायचे, बाई भूगोल. शनिवारचा शेवटचा तास मात्र त्यांनी चित्रांच्या पुस्तकांना देऊन टाकला होता. पुस्तकं अगदी बालवाडीतली, पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. समोरच्या निम्म्या मुलांचे आवाज फुटलेले. बाई पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायच्या आणि स्वतः वरून वाकून उलटं वाचायच्या. सुलट्यापेक्षा आपल्याला उलटंच बरं वाचता येतं, असं अभिमानानं सांगायच्या.

कुणा पालकाने तक्रार केली. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून विचारलं, एवढ्या मोठ्या मुलांना हे शोभतं का?

बाई म्हणाल्या, "सर, यायले मिशा फुटून राहिल्या म्हणून गोष्ट काहून बंद कराची? तुम्ही या न शनिवारी."

सर आले, हाताची घडी घालून दारातच उभे राहिले. रेडकाला झोप येईना, म्हणून ते गावभर एकेकाला उपाय विचारत निघालं. दोन-तीन पानांत सर आत आले, मग एका बाकावर टेकले. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. रेडकू शेवटी झोपलं का, हे सरांनीच विचारलं. तक्रारीचं पुढे काय झालं, ते मात्र कुणीच विचारलं नाही.

एका हिवाळ्यात बाईंचा घसा पार बसला. त्यांनी खुणेनेच पुस्तक माझ्या हातात दिलं. मी माझा वर्गही तिथेच आणून बसवला. बाई मागच्या बाकावर मुलांत जाऊन बसल्या. मला हंबरणं जमत नव्हतं, येईल तसं वाचलं. मध्येच मान वर केली, तर बाई तळहातांवर हनुवटी टेकवून चित्र बघत होत्या. सबंध वर्गात सगळ्यांत लहान त्याच दिसत होत्या.

मुलं गेली तरी त्या उठल्या नाहीत. घोगऱ्या आवाजात सांगू लागल्या. खापा या त्यांच्या गावी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात त्यांचं लहानपण गेलं. शाळेत नाव घातलं तेव्हा त्या चांगल्या बारा वर्षांच्या होत्या. चित्रांचं पुस्तक उचललं की गुरुजी ते काढून घेत. हे तुझं वय नाही, म्हणत.

"मले आजवर कोनी वाचून नाही दाखवलं वं," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा."

मी पुस्तक कपाटात ठेवलं.

पुढच्या शनिवारी बाई माझ्या वर्गाच्या दारात हजर. हातात नवं पुस्तक. घसा अजून बसलेलाच आहे, असं त्यांनी मला सांगितलं, आणि तेही इतक्या खणखणीत आवाजात, की पटांगणापलीकडचा शिपाई वळून पाहू लागला.

मी खडू खाली ठेवला आणि मुलांना वह्या मिटायला सांगितल्या.