खड्डा विम्यात बसत नाही

अण्णा नगरात चंद्रमौळींच्या दारात टेम्पो गचकन थांबला आणि मागची सगळी खोकी एकदम खुळखुळली. तंजावरहून आलेल्या मान डोलावणाऱ्या तीनशे बाहुल्या! उद्या सकाळी त्या शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत पोचवायच्या होत्या. सुनेच्या, नंदिताच्या, धंद्यातली ही पहिली मोठी ऑर्डर. ही हुकली की धंद्याला कुलूप.

"अप्पा, फुटल्या हो सगळ्या!" नंदिता रडकुंडीला आली. तिनं सुरी उचलली.

"खबरदार! विमा कंपनीला फोन केलाय, त्यांचा सर्वेअर येईपर्यंत खोकं उघडायचं नाही. पॉलिसीत लिहिलंय. विमा काय उगाच काढलाय मी?"

चंद्रमौळींनी विमा काढला होता, पण वाचत आत्ता होते. मुंगीलाही चष्मा लागावा असलं अक्षर! आग, वीज, पूल कोसळणं, गाडी उलटणं, टक्कर. संपलं. म्हणजे रस्त्यावर रोज जे घडतं तेवढं सोडून बाकी सगळ्याची भरपाई. असली पॉलिसी लिहिणाऱ्याला एकदा टेम्पोच्या फळीवर बसवून तंजावर दाखवून आणायला हवं!

"मुरली," त्यांनी ड्रायव्हरला आशेनं विचारलं, "कुठं ठोकलीस का रे गाडी?"

"अय्यो, सार! बावीस वर्षांत ओरखडा नाही."

"निदान घासली असेल?"

"खड्ड्यात आदळली. दोनदा."

"खड्डा नको! खड्डा बसत नाही यात. नीट आठव, एखादा पूलबिल?"

"पूल शाबूत आहे, सार. मी पण."

"आता राहू दे की, अप्पा!" नंदिता ओरडली. "त्याला उलटायला लावता काय?"

मुरलीचं टाळकं फिरलं. म्हातारा गाडीला नजर लावतोय! त्यानं कोपऱ्यावरून कोहळा आणला, वर कापूर पेटवला, गाडीवरून ओवाळला आणि मागच्या चाकाशी दाणकन फोडला.

तेवढ्यात सर्वेअर उपेंद्र आले. "गाडी जरा मागं घ्या, उजेडात."

मुरलीनं रिव्हर्स टाकला. चाक कोहळ्यावर चढलं, घसरलं आणि टेम्पो धाडकन चंद्रमौळींच्याच कंपाउंडवर! भिंत आडवी.

"टक्कर!" चंद्रमौळी लुंगी सावरत नाचायलाच लागले. "लिहा साहेब! तुमच्या डोळ्यांदेखत! माल अजून गाडीतच आहे!"

"बावीस वर्षं!" मुरली मटकन खाली बसला.

खोकी उघडली. पहिलं, दुसरं, दहावं. एकाही बाहुलीला टवका नाही. दरवेळी कारागीर डोकी वेगळी गुंडाळून पाठवायचा. या खेपेला त्यानं जोडूनच पाठवली होती. खुळखुळत होत्या त्या माना. नंदितानं आनंदानं टाळी वाजवली.

"मालाचं नुकसान?" उपेंद्रांनी पेन काढलं.

"काही नाही," चंद्रमौळी मयताची बातमी सांगावी तसे म्हणाले. "पण साहेब, भिंत?"

"भिंत तुम्ही टेम्पोत भरली होती का?"